चोरामागे आम्हाला पळवू नका

प्रति,
लातूर, नांदेड, बीड, धाराशिव, परभणी, हिंगोली, जालना आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या मोठ्या कापड दालनांचे व सुपरमार्केटचे मालक, व्यवस्थापक आणि त्यांना माणसं पुरवणारे सुरक्षा एजन्सीचालक यांस,

स. न. वि. वि.

लातूरमधल्या एका मोठ्या दुकानात मी नऊ वर्षांपासून सुरक्षा रक्षक आहे. खाली किराणा आणि घरगुती सामान, वर कपडे, असं आमचं दुकान. तुमच्या कागदावर या कामाला 'लॉस प्रिव्हेन्शन' म्हणतात, आम्ही नुसतं 'एलपी' म्हणतो. दारावर बिल बघून शिक्का मारायचा, पिशव्या ठेवून घेऊन टोकन द्यायचं, ट्रायल रूममध्ये किती कपडे गेले आणि किती बाहेर आले ते मोजायचं, फ्लोअरवर फिरायचं, आणि कुणी बिलाविना माल घेऊन निघालं तर त्याला थांबवायचं. हे पत्र या शेवटच्या कामाबद्दल आहे.

आमच्यासोबत एक पोरगा होता. रेणापूर तालुक्यातल्या खेड्यातला, वय बावीस. पोलीस भरतीची तयारी करायचा. पहाटे मैदानावर १६०० मीटर पळायचा आणि अकराला ड्युटीवर उभा राहायचा, ते रात्री साडेदहाला शटर पडेपर्यंत. दिवाळीच्या आधीच्या गर्दीत एका संध्याकाळी मालावरचा न काढलेला टॅग ओळखणारं दाराचं गेट वाजलं, एक माणूस थांबला नाही, आणि वॉकीटॉकीवर आवाज आला, "पकड त्याला, सोडू नको." पोरगं पळालं. रोजचा सराव होता, त्यामुळे भर रस्त्यात त्यानं त्या माणसाला गाठलंही. तेवढ्यात बाजूनं आलेल्या टमटमनं दोघांना उडवलं. चोर उठून निघून गेला. आमच्या पोराच्या नडगीचे दोन तुकडे झाले.

त्या रात्री रजिस्टर मी लिहिलं. त्यात रकाने असे आहेत: तारीख, वेळ, मालाचं वर्णन, किंमत, माल परत मिळाला की नाही, शेरा. मी लिहिलं, दोन डिओ, दाढीच्या ब्लेडचं पाकीट, काजू अर्धा किलो, किंमत १,२४० रुपये, माल मिळाला. त्याच्या पायासाठी रकानाच नव्हता. शेऱ्याच्या चौकटीत 'रक्षक जखमी' एवढे दोन शब्द मी बारीक अक्षरात कोंबले.

एजन्सी म्हणाली, त्यानं पॉइंट, म्हणजे नेमून दिलेली जागा, सोडला, दुकानाबाहेरच्या अपघाताशी आमचा संबंध नाही. दुकान म्हणालं, तो आमचा कामगार नाही, एजन्सीचा आहे. ई.एस.आय.चे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला कापले जात होते, पण कार्ड आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेलं सोयाबीन त्याच्या बापानं त्याच आठवड्यात विकलं आणि पायात रॉड बसवला. भरतीचं मैदान त्याच्याविना झालं. आता तो चालतो. पळता येत नाही.

तो पळाला कशाला, असं मला खूप जणांनी विचारलं. पोरगं धाडसी होतं, जोशात गेलं, असंही लोक बोलले. मी त्याच्या शेजारच्या पॉइंटवर उभी होते, म्हणून मला कारण माहीत आहे. आदल्या महिन्यात आम्हा सगळ्यांच्या पगारातून प्रत्येकी सातशे रुपये 'रिकव्हरी' कापली होती.

ज्यांनी हा शब्द ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगते. दुकानात ठरावीक महिन्यांनी स्टॉक मोजतात. कॉम्प्युटरवर जेवढा माल दिसतो आणि रॅकवर जेवढा सापडतो, त्यातला फरक म्हणजे शॉर्टेज. ते ठरलेल्या टक्क्याच्या वर गेलं की दुकान एजन्सीच्या बिलातून पैसे कापतं, आणि एजन्सी आमच्या पगारातून. माझ्या हातात महिन्याला अकरा हजार पडतात. त्यात सातशे म्हणजे घरातल्या गॅसच्या सिलिंडरचे बहुतेक पैसे.

आता हे शॉर्टेज कुठून येतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गोडाऊनमधून पेटी कमी आली आणि पावतीवर पूर्ण सही झाली, तर ते शॉर्टेज. कॅशियरनं एका वासाचा साबण दुसऱ्याच्या बारकोडवर मारला, तर एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी. फुटलेली तेलाची पिशवी, उंदरानं कुरतडलेलं तांदळाचं पोतं, तारीख उलटून बाजूला काढलेला माल नोंदवायचा राहिला की तेही त्यातच. आतल्या माणसानं मागच्या दारानं काढलेला माल आहे तो आहेच. हे सगळं एकत्र करून जो आकडा निघतो, तो दारावर उभ्या असलेल्या माणसाच्या माथी मारला जातो. मग गेट वाजल्यावर तो माणूस काय करील? रस्त्यावरची गाडी त्याला दिसत नाही, सातशे रुपये दिसतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की या कामातला धोका चोरापासून सुरू होत नाही, तो पगारपत्रकापासून सुरू होतो. चोराच्या हातात काय आहे ते तुम्ही ठरवू शकत नाही. पगारपत्रकावर सही मात्र तुमची असते.

कायदाही या कपातीला मोकळं रान देत नाही. आधीच्या १९३६ च्या वेतन कायद्यात होतं तेच आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत आहे. माल त्या कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेला असला पाहिजे, नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असलं पाहिजे, आणि पैसे कापण्याआधी त्याला त्याचं म्हणणं मांडू दिलं पाहिजे. दोन मजल्यांवरचा हजारो नग माल माझ्या ताब्यात कुणी आणि कधी दिला? माझं म्हणणं नऊ वर्षांत एकदाही कुणी विचारलेलं नाही.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली, ती पोलीस ठाण्यातल्या एका हवालदार ताईंमुळे. एका मुलीला मी लिपस्टिकसाठी अडवलं होतं आणि मॅनेजरच्या सांगण्यावरून तिला स्टोअररूममध्ये दोन तास बसवून ठेवलं होतं. ताई आल्या, मुलीला घरी पाठवलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, उद्या हिच्या बापानं तक्रार दिली तर आरोपी तू होशील, तुझा साहेब नाही." त्यांनी समजावलं ते असं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ प्रमाणे पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या मालाची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची आहे. असा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीसही वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत असा, आणि जामीनपात्र आहे. आणि तुमच्या-माझ्यासारख्या साध्या नागरिकाला कुणाला अटक करायची मुभा आहे ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० खाली, तीही आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यासाठी, आणि त्या माणसाला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायच्या अटीवर. अंगावर गणवेश आहे म्हणून आम्हाला याहून जास्त अधिकार मिळत नाहीत.

म्हणजे आमच्याकडे रोज पकडली जाते तशी चोरी, दोन चॉकलेटं, एक ओढणी, तुपाचा डबा, त्यासाठी कुणाला कोंडून ठेवलं तर बेकायदा अडवल्याचा आणि डांबल्याचा गुन्हा, कलम १२६ आणि १२७, आमच्यावर लागू शकतो. बाईच्या अंगाला पुरुष रक्षकाचा हात लागला तर त्याहून मोठं कलम. "थांबव, सोडू नको" हा हुकूम तुम्ही तोंडी देता. तो कुठल्याही कागदावर नसतो. न्यायालयात उभं राहायची वेळ आली तर तो हुकूम कुणी दिला हे सिद्ध करायला आमच्याजवळ काही नसतं.

हे सगळं मला प्रशिक्षणात कळायला हवं होतं. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत रक्षकाचं प्रशिक्षण १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, किमान २० कामाच्या दिवसांत, असं सांगितलेलं आहे. माझं प्रशिक्षण दीड दिवसाचं झालं. सॅल्यूट कसा करायचा, रजिस्टर कसं लिहायचं आणि बूट कुठून घ्यायचे, एवढं त्यात होतं.

बायकांचं वेगळं सांगायला हवं. वरच्या मजल्यावर ट्रायल रूमपाशी माझी ड्युटी असते. टॅग कापायला काही जणी ब्लेड घेऊन येतात. पडद्यामागे कापडावर ब्लेड ओढल्याचा आवाज कानाला ओळखीचा होतो. तीन वर्षांपूर्वी एकीला मी बाहेर आल्यावर "ताई, चार नेले होते, तीन दिसतायत" एवढंच म्हटलं. तिनं हात झटकला, आणि मनगटापासून कोपराच्या दिशेनं माझी कातडी उघडी पडली. सात टाके. मला वाटतं तिला मारायचं नव्हतं, ती घाबरली होती. पण ब्लेड हातात असताना घाबरलेलं माणूस काय करील याचा भरवसा नसतो. त्या दिवशीही रजिस्टरमध्ये माझ्या हातासाठी रकाना नव्हता.

अंगावर येणारे पुरुष गिऱ्हाईक, बिल दाखवा म्हटल्यावर "तूच घे ना तपासून" म्हणणारे, मोबाइलवर माझा व्हिडिओ काढणारे, हे तर आठवड्याला होतं. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायद्यात मालकाचं कर्तव्य सांगताना कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनची सुरक्षितताही धरलेली आहे. गिऱ्हाईक त्यात येतं. आमच्या दुकानात या कायद्याखालच्या तक्रार समितीचा बोर्ड लिफ्टच्या मागे लावलेला आहे आणि त्यावरचा नंबर लागत नाही.

पुण्या-मुंबईच्या लोकांना जे सांगून कळणार नाही ते आता लिहिते. तिथं चोर गर्दीत मिसळला की संपलं. इथं तो आपल्याला रविवारच्या बाजारात भेटतो. मी ज्याला परफ्यूमसाठी थांबवलं तो माझ्या नणंदेच्या गल्लीतला निघाला. दुसऱ्या दिवशी रात्री शटर पडल्यावर दोघे जण मोटारसायकलवर रिक्षा स्टँडपर्यंत माझ्यामागे आले. काही बोलले नाहीत, नुसते आले. पुढचा महिनाभर माझा नवरा रोज रात्री मला न्यायला यायचा आणि त्याची पहाटेची पाळी तशीच अर्ध्या झोपेत करायचा. कुणाला अडवलं की दहा मिनिटांत कुठल्या तरी दादाचा फोन मॅनेजरला येतो, आणि ज्याला अडवलं त्याच्यासमोर आम्हाला माफी मागायला लावली जाते. त्यानंतर तो माणूस आम्हाला रस्त्यात कसा बघत असेल, याचा विचार त्या केबिनमध्ये कुणी करत नाही. छातीवर पूर्ण नाव लिहिलेली पट्टी लावून आम्ही हे काम करतो. नावाऐवजी नंबर लावला तर तुमचं काहीच बिघडणार नाही.

आणि निर्दोष माणसाचा राग. तो सगळ्यात अवघड. उन्हाळ्यात ऊसतोडीहून माणसं परततात, लगीनसराई असते, बस्त्याची गर्दी होते. अशाच एका दिवशी एक म्हातारी, नऊवारी, खांद्यावर पिशवी, दारातून निघाली आणि गेट वाजलं. कंट्रोल रूममधून आवाज आला, "तिचीच पिशवी बघ, ती पारध्यांची दिसती." मी पिशवी उघडली. आत बिल होतं, माल मोजून बरोबर होता. जावयाच्या शर्टाचा टॅग कॅशियरनं काढायचा राहिला होता. गेटला टॅगमधली पट्टी कळते, बिल कळत नाही, माणूस तर नाहीच नाही. तोवर पन्नास लोक जमले होते, मोबाइल वर झाले होते, कुणी तरी "चोर, चोर" ओरडलंही. म्हातारीची दोन्ही पोरं धावत आली आणि त्यांनी माझा गळा धरला. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या आईला भर बाजारात चोर म्हटलं होतं. नातीच्या लग्नाचा बस्ता होता तो.

इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. पारध्यांवरही बसलेला तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यानं पुसला गेला. आमच्या वॉकीटॉकीवर तो अजून आहे. नऊ वर्षांत मी ज्यांना खरोखर माल लपवताना पाहिलं त्यांत चांगल्या घरची पोरं होती, गाडीतून आलेल्या बायका होत्या, एक मास्तर होते. साहेब, कपडे बघून आम्हाला माणसामागे लावायची सवय बंद करा. त्यानं एखाद्या दिवशी गर्दी कुणाचा तरी जीव घेईल, आणि गर्दीच्या सगळ्यात जवळ आम्ही उभे असू.

मागच्या दाराबद्दलही लिहायचं आहे. दिवाळी आणि ईदच्या गर्दीत माल मागून जातो म्हणून संकटकाळी बाहेर पडायच्या दाराला साखळी आणि कुलूप लावतात, चावी मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये. मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लहान होते, आमच्या घराची एक भिंत गेली. माझ्या आजीनं त्यानंतर मरेपर्यंत झोपताना दाराला आतून कडी लावू दिली नाही. चोर आला तर येऊ दे, म्हणायची, बाहेर पडता आलं पाहिजे. महिला दिनाच्या एका कार्यक्रमात ऐकलं की २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कमधल्या एका कपड्यांच्या कारखान्याला आग लागून १४६ कामगार मेले, त्यांत बहुतेक पोरी होत्या. कामगार कापड चोरतात म्हणून दाराला कुलूप होतं. मला त्या सभागृहात आमचं मागचं दार दिसत होतं. महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा नीट असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते तपासायला कुणी आलं की कुलूप निघतं आणि संध्याकाळी परत लागतं. त्या साखळीऐवजी दार उघडल्यावर वाजणारा भोंगा बसवता येतो. मी किंमत विचारून आले, दिवाळीच्या एका बॅनरला लागतात त्यापेक्षा कमी पैसे लागतात.

तुमच्याकडून काय हवं ते आता सरळ लिहिते. दाराच्या उंबऱ्याबाहेर कुणाचाही पाठलाग करायचा नाही आणि कुणाच्याही अंगाला हात लावायचा नाही, हे लेखी द्या, मराठीत, मॅनेजरच्या सहीनं, आणि दारावर गिऱ्हाइकालाही दिसेल असं लावा. परदेशातल्या कित्येक मोठ्या दुकानांत असा नियम आहे आणि ती दुकानं चालू आहेत. माल गेला तर जाऊ द्या. कॅमेऱ्यातलं चित्रण जपून ठेवा, त्यासोबत ते चित्रण कुठून आणि कसं घेतलं हे सांगणारं, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा, ११२ ला फोन करा आणि तक्रार दुकानाच्या नावानं द्या. रक्षकाला फिर्यादी करू नका. तो त्याच गावात राहतो.

शॉर्टेजची कपात थांबवा. हे पहिलं करा, कारण हे होईपर्यंत वरचा नियम कागदावरच राहील. ज्याच्या पगारातून माल वसूल होतो, तो तुमचा बोर्ड वाचत थांबणार नाही. ई.एस.आय.ची मर्यादा २१,००० रुपये पगाराची आहे, आम्ही सगळे त्यात बसतो, तर प्रत्येकाच्या हातात कार्ड द्या. रात्री शटर पडल्यावर बायकांना घरापर्यंत गाडी द्या. आणि रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा, 'रक्षकाला इजा'. तो भरायची पाळी येऊ नये असंच आम्हाला वाटतं, पण आली तर ते कुठे तरी लिहिलं गेलं पाहिजे.

एजन्सीचालकांना एक वेगळी विनंती. तुम्ही आमच्यातलेच आहात, कित्येक जण स्वतः दारावर उभे राहिलेले आहेत. दुकानाशी करार करताना शॉर्टेजचं कलम काढून टाका. एकट्यानं म्हटलं तर दुकान दुसऱ्याला काम देईल, हे मला कळतं. म्हणून हे पत्र मी सगळ्यांना मिळून लिहिते आहे.

वसुबारसेपासून गर्दी सुरू होईल. नव्या पोरांची भरती त्याआधी पंधरा दिवस होते, आणि त्यात पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं यंदाही असतील, कारण चपळ पोरं तुम्हाला हवी असतात. ती ड्युटीवर यायच्या आधी हा नियम लावा. मला वेगळं उत्तर पाठवायची गरज नाही. दुकानातल्या नोटीस बोर्डावर लावलंत तरी आम्हाला दिसेल. हजेरी आम्ही त्याच्यासमोरच देतो.

आपली,
एक महिला सुरक्षा रक्षक,
लातूर